मी बसवलेला उंट

माझ्यामुळे एका उंटाची नोकरी गेली. असं म्हटलं की माणसं आधी हसतात. हसू देत. मी पण बरेच दिवस हे हसवतच सांगायचो. उंट बसला, आत्या घसरली, पप्पा बोंबलत आले, उंटवाला गांगरला. चौघांचे चार आवाज काढायचो, उंटाचा पण. ऐकणारे पोट धरायचे. फक्त उंट बसला का, एवढंच गाळायचो. आज ते गाळत नाही. आणि कागदावर आवाज काढता येत नाहीत हे एका अर्थी बरंच झालं.

आम्ही सटाण्याचे. शाळा तिथली, मार्क तिथले, मार तिथला. अभ्यासात मी काही फार चमकलो नाही, पण आवाज माझ्याकडे भरपूर होते. कांदा मार्केटात लिलाव बोलणारा माणूस, एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगणारी बाई, तिसऱ्या शिट्टीआधी दम लागलेला कुकर. आठवीत असताना एकदा शाळेच्या टाकीमागं उभं राहून पीटीच्या सरांच्या आवाजात "सावधान!" म्हणालो. मैदानावरची अख्खी सातवी ताठ उभी राहिली. तिच्या शेजारनं चहा घेऊन चाललेले पीटीचे सर पण ताठ उभे राहिले. चहा सांडला. मार पडला, पण सरांनी मारताना एकदा हसू दाबलं, ते मी पाहिलं होतं. मला तेवढं पुरायचं.

आणि घरी माझं कायमचं पब्लिक म्हणजे आत्या. पप्पांची थोरली बहीण. तिचे यजमान गेल्यावर आमच्याकडेच राहायला आली, तेव्हा मी चार वर्षांचा असेन. आई मळ्यात जायची, पप्पा व्हॅनमधून माल पोचवायचे, म्हणून मी आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलो. बोलायची पक्की अहिराणी. मी काहीही आवाज काढला की पदर तोंडात कोंबून हसायची आणि म्हणायची, "मरी गये रे तू, अजून एकदाव कर." मी अजून एकदा करायचो. माझी सगळी कला त्या 'अजून एकदाव'वर पोसलेली.

उंट बसवायचा आवाज मी शिकलो तो पाचवीत. आमच्याकडे पाऊस सरला की काठेवाडी लोक उतरतात. मेंढरं, गाई, बायामाणसं, आणि उंट. शेतकरी त्यांना बोलावून शेतात मेंढरं बसवतात, खत होतं म्हणून. त्यांचं घरच उंटावर असतं: बाज, हंडे, कोंबड्या, मध्ये गोधडीत गुंडाळलेलं एखादं पोर. आमच्या शेजारच्या वावरात त्यांचा तळ पडला होता. एक म्हातारा उंटाला बसवायचा. दोरी ओढायचा नाही, काठी लावायचा नाही. जीभ टाळूला चिकटवायची आणि दातांच्या फटीतून हवा सोडायची: झ्झे... झ्झे... की तेवढं मोठं धूड आधी पुढचे गुडघे टेकणार, मग मागचे दुमडणार, आणि खाली.

दोन दिवस मी आंब्याखाली बसून तेच करत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांचा उंट सामान लादून निघाला होता. मी मागनं 'झ्झे' केलं. उंट बसला. हंडे, बाज, कोंबड्या सगळ्यांसकट. म्हाताऱ्यानं वळून पाहिलं, मला शोधलं, आणि रागवायचं सोडून गदगदा हसला. माझ्या पाठीवर थाप मारली. आत्या बांधावरनं बघत होती. आठवडाभर तिनं गल्लीत दुसरी गोष्ट सांगितली नाही.

त्या म्हाताऱ्यानं तेव्हाच एक वाजवली असती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. पण लोकांनी आपल्याला वेळेवर मारायला पाहिजे होतं, ही काही तक्रार नव्हे.

पुढं मी नाशिकला आलो. इंदिरानगरात दोन मित्रांबरोबर खोली, आणि एका गाड्यांच्या शोरूममध्ये फोनचं काम. "नमस्कार सर, आपल्या गाडीची सर्व्हिसिंग ड्यू दिसतेय." दिवसाला शंभरदा. लोक शिव्या देऊन फोन ठेवतात, मी त्यांच्याच आवाजात त्या शिव्या शेजारच्या टेबलाला ऐकवतो. असं चाललं होतं. आणि एका रविवारी पप्पा आणि आत्या व्हॅन घेऊन आले. आत्याला त्र्यंबकला दर्शन करायचं होतं. तिची ती पहिलीच वेळ. सटाण्याहून किती लांब आहे त्र्यंबक? पण राहिलंच होतं. तिचं असं बरंच राहिलेलं असायचं.

दर्शनाच्या रांगेत तीन तास गेले. परत येताना ती व्हॅनमध्ये पाय चोळत बसली होती. मी म्हटलं, "पप्पा, गंगापूर धरणाकडनं घ्या. जरा पाणी बघू, कणीस खाऊ."

"अंधार पडंल."

"सूर्य मावळायच्या आत निघू."

"तू म्हणतो म्हंजे अंधार पडंलच," पप्पा म्हणाले, आणि गाडी वळवली.

पाणी उतरलेलं होतं. काठाला मोकळं रान पडलं होतं, त्यात गाड्या, पोरं, कणसं भाजणारे, पतंगवाले. पलीकडे डोंगर. ऊन पाण्यावर आडवं झालं होतं. आत्या उतरली, पदर सावरला, आणि तिचा हात तसाच राहिला.

"उंट शे रे!"

होता. लाल झूल, गळ्यात घुंगरं, गुडघ्यांवर काळी चामडी. त्याच्या दोरीला एक पन्नाशीचा, काटक माणूस. डोक्याला रुमाल, आणि डोळ्यांवर गॉगल, तो बहुतेक कुठल्यातरी गिऱ्हाइकाचा राहिलेला. बायकांचा होता.

"बसायचं का आजी?" त्यानं विचारलं.

"ह्या वयात कुठं आक्का," पप्पा लगेच. "कंबर धरंल. उतरायला क्रेन बोलवावी लागंल."

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं पण नाही. माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "माले बसनं शे." आमच्या शेतातनं आयुष्यभर उंट गेले, पण ते दुसऱ्यांचे, दुसऱ्यांच्या घरानं लादलेले. त्यांच्यावर कोण कसं बसणार?

"बसवा हो काका," मी म्हटलं.

त्या उंटवाल्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाला थेट वर चढवायचा नाही. आधी उंटाच्या मानेवर हात ठेवायला लावायचा. "ओळख करा. कुठून आलात ते सांगा त्याला." लहान पोरं लाजायची, मोठे हसायचे, पण सांगायचे. आत्यानं हात ठेवला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "सटाणाथीन उनू रे बाबा. संभाळी ने." सांभाळून ने. उंटानं कान हलवला. उंटवाला म्हणाला, "झालं. आता तो तुमची जबाबदारी घेणार."

"पाडत नाही ना?" पप्पांनी विचारलं.

"साहेब, सात वर्षं झाली या काठावर. तान्ही लेकरं बसवली, नव्वद वर्षांचे आजोबा बसवले. एक माणूस नाही पडला." हे तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत नव्हता. बोर्ड असतो ना दुकानावर, तसं साधं. "हा माझ्या आवाजाशिवाय बसतच नाही. कुणी काही म्हणा. तुम्ही म्हणून बघा."

आता बघा. हे वाक्य त्यानं सहज टाकलं. माझ्या डोक्यात मात्र ते खिळ्यासारखं बसलं. म्हणून बघा.

पप्पा व्हॅनपाशी कणीस घेऊन थांबले. उंटवाला दोरी धरून पुढं, वर आत्या, आणि मागं दहा पावलांवर मी, मोबाईल उभा धरून. काठाकाठानं एका बाभळीपर्यंत जायचं आणि वळून यायचं, एवढीच फेरी. उंट उठला तेव्हा आत्या किंचाळली, मग झुलायला लागल्यावर एकदम गप्प झाली. तिची पाठ मला दिसत होती. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो तिनं परत घेतला नाही. तिचे केस मोकळ्यावर असे मी कधी पाहिले नव्हते. सूर्य तिच्या खांद्याच्या जरा वर होता आणि उंटाची सावली इतकी लांब पडली होती की मी तिच्यातूनच चाललो होतो.

"काय दिसतंय आत्या?" मी ओरडलो.

"सम्दं!" ती म्हणाली. मागं न वळता.

तो व्हिडिओ तिथं संपवला असता तर आयुष्यभर पुरला असता.

बाभळीपासून आम्ही वळलो होतो. व्हॅन समोर दिसायला लागली होती. पुढं उंटवाल्याच्या कानाशी घुंगरं वाजत होती. मी जीभ टाळूला चिकटवली. पहिल्यांदा हळू केलं, फक्त लागतंय का ते बघायला. उंटाचा कान मागं वळला. तेवढंच. मग मी पूर्ण दमानं केलं. झ्झे... झ्झे...

तो चालता चालता बसला. थांबलेला असताना बसणं वेगळं. त्याचे पुढचे गुडघे एकदम गेले आणि आत्या पुढं, त्याच्या मानेवरनं, बाजूला. पडताना तिनं उजवा हात खाली टेकला. आवाज झाला. तो आवाज मी कधीच काढलेला नाही.

उंटवाल्यानं दोरी सोडून दिली आणि आधी आत्याला धरलं. तिचं डोकं मांडीवर घेतलं, "आजी, आजी, इकडे बघा" म्हणत राहिला. मी मोबाईल खिशात घातला. पहिलं काम मी ते केलं, हे मला नीट आठवतं. मग धावलो. पप्पा कणीस हातात घेऊनच आले.

"काय झालं? काय केलं रे तू?" पप्पा त्याला म्हणाले. त्याला. मला नाही.

"साहेब, तो असं करत नाही. तो असं करतच नाही."

"मग हे काय हाय? हात बघ तिचा!"

माणसं जमली. पुढच्या फेरीसाठी थांबलेल्या एका बाईनं आपल्या दोन पोरांना मागं ओढलं. काठावर गाड्या आणि स्टॉल लावायची पावती फाडणारा ठेकेदार आला. त्यानं आधी आत्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे.

"ह्यानं व्हिडिओ काढलाय," पप्पा म्हणाले. "दाखव रे यांना. चालता चालता बसलं जनावर. दाखव."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खिशात माझा हात मोबाईलवर होता.

"शूट झालंच नाही पप्पा. मेमरी फुल होती."

हे मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोललो आणि कुणालाही संशय आला नाही. ठेकेदार उंटवाल्याला म्हणाला, "उद्यापासून हा इथं दिसला नाही पाहिजे. उद्या एखादं लेकरू मेलं तर मी काय करू?" उंटवाला त्याच्याशी भांडला नाही. तो उंटापाशी गेला, एकेक पाय उचलून तळवा बघायला लागला. काटा, काच, काहीतरी सापडेल म्हणून. चारही पाय बघून झाले. मग माझ्याकडे आला. गॉगल काढलेला होता.

"भाऊ, तुम्ही मागनं येत होता. काही पाहिलं का? कुत्रं आडवं गेलं का? कुणी दगड मारला?"

त्याला एक कुत्रं हवं होतं. मी एक कुत्रं दिलं असतं तरी चाललं असतं. मी तेवढंही दिलं नाही.

"नाही पाहिलं," मी म्हटलं.

आत्या तेव्हा व्हॅनच्या दाराशी टेकून उभी होती. हात छातीशी धरलेला, ओठ पांढरे. ती आमच्याकडेच बघत होती.

मनगट मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर चढवत होते तोवर मी बाहेरच्या बाकावर बसून कानात वायर घालून तो व्हिडिओ एकदा लावला. घुंगरं, वारा, तिचं 'सम्दं', आणि मग मी. खरं सांगू? आवाज फार छान निघाला होता. आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला. माझ्या मनात एक क्षण तेच आलं. मग मी तो डिलीट केला, आणि कचऱ्याच्या पेटीतनं पण परत डिलीट केला.

त्यानंतर दर रविवारी मी सटाण्याला जायला लागलो. घरचे म्हणाले, पोराला किती माया. शेजारचे चौकशीला यायचे आणि पप्पा म्हणायचे, "अरे, करून दाखव ना, कसं झालं ते." मी करायचो. माझा तो खेळ तिथंच तयार झाला. पप्पांची बोंब, ठेकेदाराची ऐट, उंटवाल्याचं "तो असं करतच नाही." त्यावर सगळ्यात जास्त हशा यायचा. आत्या कोपऱ्यात बसलेली असायची. ती हसायची नाही. मला वाटायचं, हात दुखत असेल. खरं म्हणजे मला तसं वाटायचं नाही. मी तसं ठरवलं होतं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी घरी आम्ही दोघंच होतो. एका हातानं तिला वेणी घालता येत नव्हती. आई घालून द्यायची, पण त्या दिवशी आई लग्नाला गेली होती. आत्या म्हणाली, ये, तू घाल. मी तिच्या मागं पाटावर बसलो. केसांचे तीन पेड केले. ती भिंतीकडे बघत होती.

"माले ऐकू उनं व्हतं," ती म्हणाली.

माझा हात थांबला.

"काय ऐकू आलं?"

"तुन्हा आवाज मी वळखत नही का? पाचवीमा व्हता तू, तधयपाशी वळखस." पाचवीत होतास तेव्हापासून ओळखते, म्हणाली.

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"मी कसाले बोलू? ते मन्हं काम शे का?" तिनं मांडीवरचं प्लास्टर सरळ केलं. "मी वाट पाही ऱ्हायंतू. म्हंतं, आते सांगी. दवाखानामा सांगी. घर येवावर सांगी. तू ते त्यानी नक्कल करस." मी वाट बघत होते आणि तू त्याची नक्कल करत बसलास. हे तिनं रागानं म्हटलं असतं तर मी काहीतरी विनोद करून सुटलो असतो. माझ्याकडे तयार असतात. ती नुसती दमल्यासारखं बोलली.

"हात मन्हा मोडना, तो भरी निंघी," ती म्हणाली. "त्या माणूसनं काय? सांगी ये त्याले."

"जातो."

"वेणी सैल पडनी," ती म्हणाली.

जातो म्हटलं, आणि गेलो नाही. त्या आठवड्यात टार्गेट होतं. पुढच्या आठवड्यात मित्राची बाईक नव्हती. त्याच्या पुढच्या आठवड्यात बाईक होती, पेट्रोल होतं, सुट्टी होती, तर मी खोलीत झोपून राहिलो आणि पंख्याचा आवाज काढत बसलो. रविवारी सटाण्याला जाणं पण टाळायला लागलो. आत्या फोनवर काही विचारायची नाही. जेवलास का, एवढंच. फोन ठेवायच्या आधी मात्र जरा थांबायची. तेवढ्या थांबण्यात मी म्हणायचो, "रेंज नाहीये आत्या, ठेवतो."

गेलो तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. पाणी आणखी आत गेलं होतं. कणीसवाली तीच होती. उंटाचं विचारलं तर म्हणाली, "विकला ना त्यानं. ते नाही का, एक म्हातारी पाडली त्यानं." मग तिनंच सांगितलं की उंटवाला आता गंगापूर रोडला एका लॉन्सच्या गेटवर असतो, लग्नाच्या गाड्या लावून देतो.

संध्याकाळची वेळ होती, वऱ्हाड यायला सुरुवात झाली होती. तो गेटवर होता, निळ्या शर्टात, गळ्यात शिट्टी. माझ्याकडे बघून त्यानं आपोआप डावीकडे हात केला. बाईक तिकडं लावा.

"नमस्कार सर," मी म्हणालो. चक्क तसंच. शोरूमच्या आवाजात. मला दुसरा आवाजच सापडेना. "मी त्या दिवशी, धरणावर. माझी आत्या पडली होती."

त्यानं ओळखलं. "कशा आहेत आजी? हात जुळला?"

आल्याआल्या हे विचारलं त्यानं. माझं पाठ केलेलं सगळं तिथंच सांडलं. मी म्हटलं, "काका, उंट मी बसवला. मागनं मी आवाज काढला होता. तुम्ही म्हणालात ना, माझ्याशिवाय बसत नाही, म्हणून."

"तू?"

"लहानपणी शिकलो होतो. आमच्याकडे काठेवाडी येतात, सटाण्याला. त्यांच्याकडनं."

मला वाटलं आता बसणार कानाखाली. मी गाल पण तयार ठेवला होता. तो शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला.

"त्यांच्याकडनंच घेतला होता मी त्याला," तो म्हणाला. "पिल्लू होता. तो आवाज त्यांचाच. मी पण त्यांच्याकडनंच शिकलो." मग म्हणाला, "म्हणजे तो बरोबर होता."

"हो."

"त्याला सांगितलं, तो बसला."

"हो काका."

"मी त्याला मारलं त्या दिवशी. घरी नेऊन. सात वर्षांत पहिल्यांदा मारलं. तो मार खाऊन बसला. मी मारताना तोंडानं काही बोललो असेन, त्याला वाटलं बस म्हणतोय. बसला म्हणून अजून मारलं." त्यानं शिट्टी हातात घेऊन उगाच पुसली. "दुसऱ्या जागी नेला असता. तपोवनात, कुठंपण. पण माझाच भरोसा उडाला. लेकरू वर बसवायचं आणि हा कधी बसेल सांगता येत नाही, असं कसं करणार?"

"मग विकलात?"

"गुजरातकडचा एक जण आला होता. त्याला मी खोटं नाही सांगितलं. म्हटलं, चांगला आहे, पण मध्येच बसतो. माणसं बसवू नको."

मी म्हणालो, माझं चुकलं. आणखी पण बरंच काही म्हणालो, ठेकेदाराकडे येतो, सगळ्यांसमोर सांगतो. तो म्हणाला, "व्हिडिओ काढत होतास तू. त्यात असेल ना?" मी सांगितलं की होता, आणि मी पुसला. त्यानं खिशातनं मोबाईल काढला, नंबर शोधला, लावला, आणि रिंग जायला लागल्यावर माझ्या हातात दिला.

"त्याला सांग. जनावर चांगलं आहे म्हणून सांग. मी सांगितलं तर तो म्हणेल, परत मागतोय."

पलीकडे एक माणूस हॅलो हॅलो करत होता. मी हिंदीत सांगितलं. नाशिकहून बोलतोय, तुमच्याकडचा उंट, तो आपणहून बसला नव्हता, चूक माझी होती. दोनदा सांगावं लागलं. तो माणूस भला होता, नीट ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "अब तो गाड़ी में चलता है, भाई. बीच में बैठने की आदत थी ना, वो छुड़ा दी हमने. अब बैठता ही नहीं." कशी सोडवली ते त्यानं सांगितलं नाही. माझी विचारायची छाती झाली नाही. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाला?" उंटवाल्यानं विचारलं.

"गाडी ओढतो म्हणाले. बरा आहे."

"बरा आहे, असं म्हणाला तो?"

गेटवर फुलं लावलेली एक मोठी गाडी येऊन उभी राहिली होती. मागं आणखी दोन.

"नाही," मी म्हटलं. "ते मी म्हणालो."

"मग तो काय म्हणाला, ते सांग."

मी सांगितलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आतनं कुणीतरी त्याला हाक मारत होतं. माझं सांगून होईपर्यंत तो खुर्चीवरनं उठला नाही.